गोट्याला न भिणारे, माइकला भिणारे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि त्यावर झेंडा बांधतात. एका काठाला मध्य प्रदेशातलं पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. झाड रोवायचं सावरगावनं, ते तोडून झेंडा न्यायचा पांढुर्ण्यानं, आणि तोवर दोन्हीकडून गोटे चालायचे, अशी ही गोटमार. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन पळाला, दोघं नदीच्या मधोमध असताना दोन्ही काठांवरून दगड आले, अशी कथा गावात सांगतात. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, आजवर कित्येकांचा जीवही गेला आहे. त्यामुळे त्या दिवशी काठावर डॉक्टर, रुग्णवाहिका, पोलीस आणि सगळं प्रशासन तैनात असतं. गोट्यांऐवजी रबरी चेंडू मारा म्हणून प्रशासनानं चेंडूही आणून दिले होते. ते चालले नाहीत.

ही प्रथा राहावी की जावी, हा वाद मोठा आहे आणि पुढं त्याचा उपयोगही होणार आहे. तूर्त मुद्दा एवढाच, की अंगावर येणारा गोटा पाहून ज्या गावची पोरं जागची हलत नाहीत, त्याच गावच्या पोराला कॉलेजच्या हॉलमध्ये माइकसमोर उभं केलं की त्याचे पाय लटलट कापतात. "सर, मले नाई जमत. मी खुर्च्या लावतो ना." नवशिक्यांसाठी वक्तृत्व आणि वाद-विवाद स्पर्धा भरवायची ठरली, की पहिल्या दिवशी बोलणाऱ्यांपेक्षा खुर्च्या लावणाऱ्यांची नावनोंदणी जास्त होते.

यात पोरांना दोष देण्यासारखं काही नाही. १९७३ साली अमेरिकेत ब्रस्किन नावाच्या संस्थेनं लोकांना विचारलं, तुम्हाला भीती कशाची वाटते? चारचौघांसमोर बोलण्याची, असं ४१ टक्के लोक म्हणाले. मरणाची, असं म्हणणारे १९ टक्केच निघाले. आपल्याकडचा दाखला हवा असेल तर मोहनदास करमचंद गांधी नावाचे एक तरुण बॅरिस्टर विलायतेहून परतून मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या खटल्याला उभे राहिले. डोकं गरगरलं, विचारायला एक प्रश्न सुचेना, आणि ते खाली बसले. ३० रुपये फी ठरली होती, तीही परत करायची तयारी दाखवली आणि दुसरा वकील पाहा म्हणून सांगितलं. दुसऱ्या वकिलाला ५१ रुपये पडले. हे सगळं गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलंय. धीर यावा म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलाला ही गोष्ट सांगावी, तर तो लगेच विचारतो, "मंग सर, मी बी बसू का खाली?"

त्याहून जुना दाखला अथेन्सच्या डेमोस्थेनिसचा. त्याच्या पहिल्या भाषणाला सभा हसली. मग तो, प्लुटार्कच्या सांगण्याप्रमाणे, तोंडात बारीक गोटे धरून बोलायचा सराव करू लागला, आणि सराव सोडून बाहेर भटकायची लाज वाटावी म्हणून त्यानं अर्धं डोकं भादरून घेतलं. यातला पहिला उपाय सावरगावात बिनखर्चाचा आहे. गोट्यांसाठी कॉलेजला निविदा काढावी लागणार नाही. दुसरा उपाय मात्र आता चालत नाही. अर्धं डोकं भादरायला पोरं सलूनमध्ये पैसे मोजतात आणि तसंच बसस्टँडवर हिंडतात.

'लोकसत्ता' महाराष्ट्रातल्या कॉलेजच्या मुलांसाठी जी वक्तृत्व स्पर्धा घेतं तिचं नाव 'वक्ता दशसहस्रेषु'. दहा हजारांत एखादाच वक्ता निपजतो, या जुन्या संस्कृत वचनावरून ते घेतलंय. हा हिशेब पांढुर्ण्याला लावून पाहावा. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती पंचेचाळीस हजारांच्या आसपास होती. म्हणजे साडेचार वक्ते झाले. त्यातले चार नगरपालिकेच्या राजकारणात गेले असं धरलं, तर कॉलेजच्या वाट्याला अर्धा उरतो. नवशिक्यांची स्पर्धा ही खरं तर या अर्ध्या वक्त्यासाठी असते. पण ती भरवायची वेळ आली की सगळी धावपळ उरलेल्या चौघांसाठी होते.

सुरुवात परिपत्रकानं होते. वरून कागद येतो, प्राचार्य समिती नेमतात. समितीत हिंदीच्या मॅडम असतात, कारण भाषण म्हणजे भाषा. ग्रंथपाल असतात, कारण भाषणात पुस्तकातलं असतं. क्रीडा अधिकारी असतात, कारण स्पर्धा आहे. बैठकीत पहिला विषय बॅनरचा निघतो. त्यावर फोटो कोणाचे, कोणाचा मोठा, कोणाचा डावीकडं, यात अर्धा तास जातो. दुसरा विषय प्रमुख अतिथींचा. तिसरा जेवणाचा, आणि त्यावर मात्र सगळ्यांची मतं अभ्यासपूर्ण असतात. स्पर्धेचा विषय ठरवायला शेवटची पाच मिनिटं उरतात. तेव्हा कोणीतरी 'मोबाइल शाप की वरदान' म्हणतं आणि सगळे उठतात. हा विषय अमर आहे. त्याच्या जागी आधी दूरदर्शन होतं, त्याआधी विज्ञान होतं. शाप आणि वरदान तेच आहेत.

आता पांढुर्णा जिल्हाच झाल्यानं बॅनरला आणखी वजन आलंय. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली वेगळ्या काढून हा जिल्हा केला. तोवर 'जिल्हास्तरीय' म्हटलं की छिंदवाड्याची बस धरावी लागे. आता पुलावरून चालत गेलं तरी माणूस जिल्हास्तरावर पोचतो. दोन तहसिलींतून चार संघ आले आणि एकाची गाडी रस्त्यात पंक्चर झाली, तर जिल्हास्तरीय तृतीय क्रमांक केवळ हजेरीवर मिळू शकतो. अशा बक्षिसाला हसू नये. पुष्कळांचं बोलणं अशाच एखाद्या तिसऱ्या क्रमांकापासून सुरू झालेलं असतं.

स्पर्धेच्या दिवशी सरस्वतीच्या प्रतिमेला माल्यार्पण, दीपप्रज्वलन (काडी तीनदा विझते, पंखा बंद करा असं तीन जण ओरडतात, बंद करणारा चौथा असतो), स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, आणि मग अतिथींचं मार्गदर्शन. हिशेब साधा आहे. वीस स्पर्धक, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे ऐंशी मिनिटांची स्पर्धा. तिचं उद्घाटन दोन तास चालतं. तरुणांनी थोडक्यात बोलायला शिकलं पाहिजे, हा मुद्दा अतिथी पंचेचाळीस मिनिटं समजावून सांगतात. मागच्या खुर्चीवर बसलेला नवशिका तोवर आपलं पाठ केलेलं भाषण मनात एकोणीस वेळा म्हणतो आणि विसाव्या वेळी त्याची सुरुवातच हरवते.

या सगळ्याचे फोटो काढायला एक प्राध्यापक वेगळे नेमलेले असतात. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'ला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे जिओटॅग असलेला फोटो. फोटोच्या खाली तारीख, वेळ, अक्षांश आणि रेखांश छापून आले पाहिजेत. स्पर्धक भाषण विसरला तरी चालतं, रेखांश विसरून चालत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडासमोर मोबाइल धरून सर "जरा थांब, लोकेशन येऊ दे" म्हणतात, आणि तो बिचारा 'म्हणूनच मित्रांनो'वर तोंड उघडं ठेवून थांबतो.

गंमत अशी, की बोलणं या मुलांना नवीन नाहीच. हा संत्र्याचा मुलूख. झाडावरचा बहार ठोकानं द्यायच्या दिवशी बगीच्यात उभं राहावं. व्यापारी म्हणतो फळ बारीक आहे, गळ फार आहे, भाव पडले आहेत. मालक म्हणतो गेल्या साली हेच म्हणाले होते आणि ट्रक भरभरून माल नेला होता. व्यापारी निघून जायचं नाटक करतो. मालक त्याला चहाला थांबवतो. इसाराची रक्कम हातात पडेपर्यंत तास-दीड तास दावे, पुरावे, खंडन, भावनिक आवाहन, सगळं होतं. कोणाच्या हातात कागद नसतो. मालकाचा विशीतला पोरगा बाजूला उभा राहून मध्येच टोकतो, "काहून खोटं बोलता भाऊ? त्या धुऱ्यावरची झाडं तं तुमी पाह्यलीच नाई." हे वाद-विवादातलं उत्तम खंडन आहे. समोरच्याच्या पुराव्यातली उणीव त्यानं एका वाक्यात दाखवली.

तोच पोरगा दोन दिवसांनी व्यासपीठावर येतो आणि म्हणतो, "आदरणीय व्यासपीठ, सन्माननीय परीक्षक, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो." नंतर सामसूम. कारण पुढचं भाषण त्याचं नाही. ते मास्तर असलेल्या मामानं लिहून दिलंय. मामा नसेल तर मोबाइलनं. हल्ली मोबाइलच लिहून देतो म्हटल्यावर तीन वेगळ्या गावांचे तीन स्पर्धक एकाच वाक्यानं सुरुवात करतात, आणि चौथा आपली पाळी यायच्या आत वाक्य बदलायला बाहेर पळतो. विसरल्यावर नवशिका आधी छताच्या पंख्याकडं पाहतो, मग परीक्षकांकडं, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. अडला तिथंच पुन्हा अडतो. तेवढ्यात मागच्या बाकांवरून टाळ्या पडतात. मराठी माणूस भाषण आवडल्यावर जेवढ्या टाळ्या वाजवतो, त्याच्या दुप्पट समोरचा विसरल्यावर वाजवतो. या टाळ्यांपेक्षा गोटा बरा, असं एखाद्या सावरगावकराला वाटलं तर नवल नाही.

वादाची परंपरा तर या प्रदेशात फार जुनी. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद माहिष्मतीत झाला असं सांगतात. माहिष्मती म्हणजे आमचंच गाव, असं मंडलाही म्हणतं आणि महेश्वरही म्हणतं. दोन्ही गावं मध्य प्रदेशातलीच, त्यामुळे तो वाद वेगळाच चालू आहे. त्या स्पर्धेचं संयोजन पाहण्यासारखं होतं. परीक्षक म्हणून बसली उभयभारती, म्हणजे मंडनमिश्रांची बायको. आज एका स्पर्धकाची बायको परीक्षक नेमली तर दुसऱ्या कॉलेजचे सर लेखी तक्रार देतील आणि जेवल्याशिवाय निघून जातील (निदान जाण्याची भाषा करतील). गुणदानाची पद्धत अशी, की दोघांच्या गळ्यात हार घालायचे. ज्याचा हार आधी कोमेजेल तो हरला. बेरीज चुकायची भीती नाही. घंटा नव्हती, वाद कित्येक दिवस चालला. हार नवऱ्याचा कोमेजला आणि बायकोनं तसा निकाल दिला. हरलेल्यानं संन्यास घ्यायचा, ही अट आधीच ठरलेली होती. निकाल देऊन झाल्यावर परीक्षक स्वतःच उठली आणि विजेत्याला म्हणाली, आता माझ्याशी वाद करा. परीक्षकाला विषय येतो की नाही, ही शंका त्या दिवशी तरी कोणाला आली नसेल.

हे झालं विद्वानांचं. साध्या माणसांचा वाद कलगी-तुऱ्यात होता. कलगीवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला. समोरासमोर दोन फड, हातात डफ, एकानं कवनातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं कवनातूनच उत्तर द्यायचं. तुकनगीर गोसावी आणि शाह अली फकीर यांना चंदेरीच्या राजानं तुरा आणि कलगी बक्षीस दिली, तिथून हे सुरू झालं, अशी एक कथा आहे. फिरत्या चषकापेक्षा ही कल्पना चांगली होती. दोघांनाही काहीतरी मिळालं, आणि परत करायची कटकट नव्हती.

इंग्रजी अमदानीत वादाच्या या परंपरेला सभेचं रूप आलं. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या मंडळींनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. पुढं मराठी-गुजरातीत बोलण्यासाठी तिच्या ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून दर उन्हाळ्यात भरते आणि ती भरवणाऱ्या संस्थेचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा आहे. एवढं सगळं उत्तेजन झालं, पण त्याचा मोठा वाटा ज्याला आधीच बोलता येतं त्याच्याकडं गेला. न बोलणारा श्रोत्यांत बसला. अजून तो तिथंच बसलाय आणि बसल्या जागी खुर्च्या मोजतोय.

परदेशातही नवशिक्याचे लाड फारसे होत नाहीत. ऑक्सफर्ड युनियन ही वादसभा १८२३ पासून चालू आहे. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी तिथं ठराव आला की राजासाठी आणि देशासाठी आपण कोणत्याही परिस्थितीत लढणार नाही. तो २७५ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर झाला आणि विलायतभर गदारोळ उडाला. भित्रेपणाची खूण म्हणून कोणीतरी पांढऱ्या पिसांची पेटी पाठवली. निकाल नोंदीतून काढून टाका म्हणून चर्चिलचा मुलगा रँडॉल्फ सभेत आला, तर ७५० विरुद्ध १३८ अशा मोठ्या फरकानं हरून गेला. निकालाविरुद्ध तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना ही आकडेवारी छापून द्यायला हरकत नाही.

जागतिक विद्यापीठ वाद-विवाद स्पर्धा १९८१ साली ग्लासगोत सुरू झाली, २०१४ मध्ये ती चेन्नईतही होऊन गेली. तिथं एका फेरीत दोघा-दोघांचे चार संघ असतात, प्रत्येकाला सात मिनिटं, आणि विषय कळतो फक्त पंधरा मिनिटं आधी. कोणी बोलत असताना विरोधक उठून मध्येच मुद्दा विचारू शकतो, फक्त पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून. यातला मध्ये बोलण्याचा नियम आपल्याकडं वेगळा शिकवावा लागणार नाही. तो न उठताच पाळला जातो. शिकवावं लागेल ते पहिलं आणि शेवटचं मिनिट गप्प बसणं. पंधरा मिनिटांचा नियम ऐकायला मात्र जुलमी वाटतो आणि नवशिक्यांसाठी तोच सगळ्यांत दयाळू आहे. पंधरा मिनिटांत मामा गाठता येत नाही. मोबाइल बाहेर जमा करून घेतला तर पाठ करायला काही उरतच नाही, आणि जे पाठ केलं नाही ते विसरताही येत नाही. मग पोराला धुऱ्यावरच्या झाडांसारखं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच बोलावं लागतं.

भाषेचा घोळ इथं आणखी वेगळा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे सावरगावच्या घरात मराठी, तीही वऱ्हाडी-नागपुरी वळणाची, आणि कॉलेजात हिंदी. देशपातळीवरच्या आंतरविद्यापीठ युवक महोत्सवात वाद-विवादाची भाषा हिंदी किंवा इंग्रजी असते. मुलगा हिंदीत बोलायला उभा राहतो, तर त्याची हिंदी मराठीच्या चालीनं जाते आणि परीक्षक उच्चाराचे गुण कापतात. तोच जवळ म्हणून नागपुरात मराठी स्पर्धेला गेला, तर 'पाणी'चं 'पानी' केलं म्हणून तिथले परीक्षक कापतात. काठ बदलला तरी कापणं चुकत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन कीर्तनाला उभे राहत, अस्सल वऱ्हाडीत लोकांना प्रश्न विचारत आणि हजारोंच्या जमावाकडून उत्तरं वदवून घेत. त्यांच्या उच्चाराला आपल्या गुणपत्रिकेत दहापैकी किती पडले असते? नवशिक्यांच्या फेरीत तरी हा रकाना काढून टाकावा. हिंदी, मराठी, दोन्हींची मिसळ, जे तोंडात येईल ते चालू द्यावं.

गुणपत्रिकेचा विषय निघालाच आहे तर तीन परीक्षकांचं गणितही पाहून घ्यावं. पहिले परीक्षक भिडस्त असतात. ते सगळ्यांना पन्नासपैकी पस्तीस ते अडतीसच्या मध्ये बसवतात. दुसऱ्या मॅडमही तशाच. तिसरे सर मात्र आवडलेल्याला अठ्ठेचाळीस देतात आणि नावडलेल्याला बारा. तिघांची बेरीज केली की निकाल तिसऱ्या सरांचाच लागतो, बाकी दोघं फक्त मानधनाचे धनी. यावर उपाय सोपा आहे. गुणांची बेरीज करण्याऐवजी प्रत्येक परीक्षकानं लावलेल्या क्रमांकांची बेरीज करावी, म्हणजे तिघांच्या मताला सारखंच वजन येतं. हे कागदावर पाच मिनिटांचं काम आहे. पण स्पर्धेत बेरजेला नेमके ते सर असतात जे दरवर्षी बेरीज करत आले आहेत, आणि त्यांना पद्धत बदला म्हणणं हा वेगळाच वाद-विवाद होतो.

घंटेचंही तेच. तिसऱ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, चौथ्याला शेवटची. नवशिका पहिल्याच घंटेला दचकून "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" म्हणतो आणि जागेवर जाऊन बसतो. मुरलेला वक्ता शेवटच्या घंटेनंतर एक कविता म्हणतो. अतिथींसाठी घंटाच नसते.

गावात गेल्या तीन वर्षांत सगळी बक्षिसं नेणारा एक मुलगा असतोच. हात कधी उचलायचा, आवाज कुठं भरून आणायचा, सगळं त्याला ठाऊक असतं. नवशिक्यांच्या स्पर्धेतही तो येतो, कारण नियमात कुठं लिहिलेलं नसतं की येऊ नये. त्याला हाकलायचं कारण नाही. त्याला घंटेवर बसवावा, किंवा पडद्यामागं नवख्यांना पाणी पाजायला आणि दोन गोष्टी सांगायला ठेवावा. दुसरं, पहिल्या फेरीलाच निम्म्यांना बाद करू नये. आयुष्यात पहिल्यांदा बोललेल्या पोराला दहा मिनिटांत घरी पाठवलं, तर तो पुन्हा खुर्च्याच लावतो. निकाल राखून ठेवून प्रत्येकाला निदान दोनदा उभं करावं. दुसऱ्या वेळी पाय कमी कापतात, हे कोणत्याही सरांना विचारावं.

आणि विषय गावातले द्यावेत. बहार ठोकानं द्यावा की फळ आपण बाजारात न्यावं? लग्नात डीजे असावा का? गोटमारीत गोट्यांच्या जागी रबरी चेंडू आणावेत का? शेवटच्या विषयाला हॉल भरेल, बॅनरची गरज पडणार नाही. फक्त बाजू चिठ्ठी टाकून ठरवाव्यात. म्हणजे एखाद्या सावरगावच्या गड्याला चेंडूच्या बाजूनं बोलायची चिठ्ठी येईल आणि तो धावत सरांकडं जाईल, "सर, मी चेंडूकडून बोललो हे घरी समजलं तं जेवाले नाई देत." तेव्हा सरांनी त्याला सांगावं, घरच्यांनाही ऐकायला घेऊन ये. आपल्याला न पटणाऱ्या बाजूनं चार मिनिटं नीट बोलता येणं, वाद-विवादात शिकण्यासारखं खरं एवढंच असतं, बाकी हातवारे. तारीख मात्र पोळ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची धरू नये. स्पर्धक आणि श्रोते दोघांच्याही डोक्याला पट्ट्या असतील आणि टाळ्या वाजवायला हात रिकामे नसतील. गणपती बसले की दहा दिवस मंडप असतो, माइक असतो, लोकही असतात.

तेव्हा पांढुर्णा-सौंसरकडच्या प्राचार्यांना विनंती एवढीच, की यंदा बॅनरवरचे चार फोटो कमी करून त्या पैशात एक चालणारा माइक आणावा. अतिथींना जेवणाच्या वेळेला बोलवावं आणि पहिलं भाषण स्पर्धकाचं होऊ द्यावं. विसरलेल्याला टाळ्या वाजवणाऱ्याचं नाव पुढच्या फेरीच्या यादीत घालावं. आणि प्रमाणपत्रावर नाव छापायच्या आधी त्या मुलाला एकदा त्याचं आडनाव विचारून घ्यावं.